कुंपणापलीकडचें दांपत्य

परदेशच्या प्रवासास निघालेल्या माणसाच्या टिपणवहींत राजवाडे, चित्रशाळा आणि मंदिरें यांच्या यादीखालीं प्राणिसंग्रहालयाचें नांव बहुधा असतेंच. राजवाडा पाहण्यास थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो, चित्रशाळा पाहण्यास थोडी कला समजावी लागते. प्राणिसंग्रहालयास कसलीच पूर्वतयारी लागत नाहीं. त्या देशाची भाषा येत नसली तरी अडत नाहीं. म्हणूनच जर्मनींतील हांबुर्ग शहरीं गेलेलें एखादें भारतीय दांपत्य आपल्या मुक्कामांतील एक दिवस स्टेलिंगन येथील हागेनबेक यांच्या प्राण्यांच्या उद्यानासाठीं राखून ठेवतें.

हें उद्यान ७ मे १९०७ रोजीं लोकांस खुलें झालें. तेथें शिरतांच पाहुण्यास पहिलें नवल वाटतें तें गज नसल्याचें. मुंबईचा १८६२ सालीं उघडलेला राणीचा बाग, म्हणजे आतांचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ज्यांनीं लहानपणीं पाहिला आहे त्यांच्या मनांत वाघसिंह आणि लोखंडी गज यांची जोडी कायमची जमलेली असते. स्टेलिंगन येथें मात्र पुढें पाणपक्ष्यांचें तळें, त्यामागें चरणाऱ्या प्राण्यांचें कुरण, त्यामागें सिंहांची दरी आणि सर्वांच्या मागें कृत्रिम खडकांचा डोंगर असा देखावा एकाच दृष्टिक्षेपांत मावतो. मध्यें भिंत नाहीं, जाळी नाहीं. गवत खाणाऱ्या जनावरांच्या पाठीशींच सिंह पहुडलेला पाहून क्षणभर छातींत धस्स होतें. पण दोघांमध्यें खोल व रुंद खंदक आहे, आणि तो पाहणाऱ्याच्या नजरेस पडूं नये अशा बेतानें खणलेला आहे. कोणता प्राणी किती लांब व किती उंच उडी मारतो हें आधीं मापून पाहिलें गेलें आणि मग खंदकाची रुंदी ठरली.

या योजनेचें पेटंट उद्यानाचा संस्थापक कार्ल हागेनबेक यानें १८९६ सालींच घेतलें होतें. खडक उभारण्याचें काम उर्स एगेनश्विलर या स्विस मूर्तिकारानें केलें. पुढें जगांतील अनेक प्राणिसंग्रहालयांनीं ही रीति उचलली. दिल्लीचें प्राणिसंग्रहालय १९५९ सालीं उघडलें. त्याचा आराखडा ठरविण्याच्या कामीं १९५६ सालीं हागेनबेक घराण्यांतील कार्ल हाइनरिख यांसच पाचारण करण्यांत आलें होतें. तेव्हां दिल्लीस खंदकापलीकडील वाघ पाहून आलेलें दांपत्य हांबुर्गला त्या कल्पनेच्या माहेरींच आलेलें असतें.

असा दिवस आनंदांत घालवून दोघें उद्यानाच्या जुन्या महाद्वारापाशीं येतात. योझेफ पालेनबेर्ग यानें घडविलेल्या ब्राँझच्या मूर्ति त्यावर आहेत. हत्तींचीं मस्तकें आहेत, सिंह आहेत, पांढरीं अस्वलें आहेत. आणि त्यांच्याच संगतींत दोन माणसें आहेत. एक अमेरिकेंतील आदिवासी योद्धा, दुसरा आफ्रिकेंतील न्यूबियन. अशा वेळीं एखादी चौकस गृहिणी नवऱ्यास सहज विचारील, “अहो, ह्या जनावरांच्या दारावर माणसें कशाला उभीं केलीं आहेत?” नवरा बहुधा म्हणेल कीं शोभेसाठीं असतील. पण प्रश्न गृहिणीचा बरोबर आहे, आणि त्याचें उत्तर शोभेच्या शास्त्रांत नसून इतिहासांत आहे.

कार्ल हागेनबेकचा बाप हांबुर्गच्या सांक्ट पाउली भागांत मासळीचा व्यापार करी. १८४८ सालीं त्याच्याकडे मासे आणणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यांत सहा सील सांपडले. त्यानें ते लांकडी टपांत ठेवले आणि पैसे घेऊन लोकांस दाखविले. लोटलेली गर्दी पाहून त्या मासळीच्या दुकानांतूनच प्राण्यांच्या व्यापाराची सुरवात झाली. मुलानें, म्हणजे कार्लनें, १८६६ सालीं तो व्यापार हातीं घेतला आणि थोड्याच वर्षांत युरोपमधील प्राणिसंग्रहालयांस व सर्कशींस तो हत्ती, जिराफ, सिंह पुरवूं लागला.

काळ त्यास अनुकूल होता. १७५२ सालीं व्हिएन्ना येथें शोनब्रुनच्या राजवाड्यांत निघालेली पशुशाळा बादशहाच्या हौसेची होती. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसची, १८२८ सालीं लंडनची आणि १८४४ सालीं बर्लिनची अशीं संग्रहालयें निघाल्यावर राजाची हौस नागरिकांची झाली. प्रत्येक मोठ्या शहरास आपला हत्ती व आपला सिंह हवा होता. या व्यापाराची एक काळी बाजू पाहुण्यांस दिसत नसे. मोठें जनावर जिवंत धरून आणणें अवघड. म्हणून पिलें धरीत, आणि पिलूं धरावयाचें तर पुष्कळदां आधीं आईस मारीत.

१८७५ च्या सुमारास प्राण्यांची मागणी मंदावली. हागेनबेक तेव्हां रेनडिअर आणविण्याच्या विचारांत होता. त्याचा मित्र चित्रकार हाइनरिख लॉयटेमान यानें सुचविलें कीं, नुसतीं जनावरें कशाला, त्यांच्यासह तीं पाळणारें लॅप लोकांचें एक कुटुंबही आणावें. तंबू, घसरगाड्या, भांडींकुंडीं सारें घेऊन. तसें केलें गेलें. ज्यांस त्या काळीं लॅप म्हणत त्या सामी लोकांचें रोजचें जेवणखाण, मुलांस पाजणें, तंबू ठोकणें पाहण्यासाठीं हांबुर्गचे लोक लोटले. दुसऱ्याच वर्षीं सुदानांतून न्यूबियन आले, मग ग्रीनलंडहून एस्किमो आले. पुढें १८८३ च्या सुमारास सिलोनहून हत्तींसह सिंहली लोकही नेण्यांत आले. गजराजाच्या शेजारीं त्याचा माहूत, आणि दोघांसही तिकीट एकच. महाद्वारावरील त्या दोन मूर्तींचें मूळ येथें आहे.

या प्रदर्शनांविषयीं पाहणाऱ्यांनीं त्या काळीं पुष्कळ लिहिलें. पाहिले जाणारे लोक मात्र बहुधा मुके राहिले, कारण त्यांचें म्हणणें कोणी लिहून घेतलें नाहीं. याला एक ठळक अपवाद आहे. तो अपवाद म्हणजे अब्राहाम उल्रिकाब हा गृहस्थ, आणि त्याची व त्याच्या पत्नीची हकीकत.

कॅनडाच्या ईशान्येस लाब्राडोर नांवाचा हिमप्रदेश आहे. तेथील हेब्रॉन या ठाण्यांत जर्मन मोरेव्हियन पंथाचे मिशनरी १८३० पासून राहत. अब्राहामचा जन्म १८४५ चा. तो एस्किमो, म्हणजे त्याच लोकांच्या भाषेंत इनुइट. तो ख्रिस्ती झालेल्या वस्तींतला, सील मारणारा कुशल शिकारी. पण त्याबरोबरच त्यास लिहितां वाचतां येई, चित्रें काढतां येत आणि व्हायोलिन वाजवितां येई. त्याची पत्नी उल्रिका चोवीस वर्षांची होती. थोरली मुलगी सारा तीन वर्षांची आणि धाकटी मारिया वर्षाच्या आंतली.

१८८० च्या उन्हाळ्यांत हागेनबेकचा हस्तक नॉर्वेजियन दर्यावर्दी योहान आद्रियान याकोबसेन तेथें आला. ग्रीनलंडमध्यें डॅनिश अधिकाऱ्यांनीं त्यास माणसें नेऊं दिलीं नव्हतीं. हेब्रॉनच्या मिशनऱ्यांनींही विरोध केला. परंतु अब्राहामच्या डोक्यावर मिशनच्या दुकानाचें कर्ज होतें. कांहीं त्याचें स्वतःचें, कांहीं वडिलांपासून आलेलें. शिवाय ज्या देशांतून आपले धर्मगुरु आले तो देश एकदां पाहावा, ही इच्छाही त्याच्या मनांत होती. कर्ज फेडावें आणि विलायत पाहावी, या दोन हेतूंनीं आजवर किती माणसें घर सोडून निघालीं असतील! तो पत्नी, दोन मुली आणि टोबियास नांवाचा एक तरुण यांसह निघण्यास कबूल झाला. उत्तरेकडील तेर्रियानियाक, त्याची बायको पाइंगो व मुलगी नोगासाक हें ख्रिस्ती न झालेलें कुटुंब आधींच तयार झालें होतें. अशीं आठ माणसें ऑगस्टच्या अखेरीस निघून २४ सप्टेंबर १८८० रोजीं हांबुर्गला पोंचलीं.

कांहीं दिवस हागेनबेकच्या हांबुर्गमधील जागेंत काढल्यावर १६ ऑक्टोबरच्या सुमारास त्यांस बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयांत नेण्यांत आलें. तेथें त्यांचा मुक्काम जवळजवळ एक महिना होता. परदेशांत गेलेल्या एका दांपत्याचा प्राणिसंग्रहालयांतील दिवस कसा जाई, हें अब्राहामच्या वहीवरून कळतें. कारण रोज रात्रीं तो आपल्या भाषेंत टिपण ठेवीत असे.

कुंपणाच्या आंत त्यांनीं आपल्या पद्धतीचीं घरें उभारलीं होतीं. दिवस उजाडला कीं काम सुरू होई. कातड्याची होडी वल्हवून दाखवावयाची, भाला फेंकून सीलची शिकार कशी करतात तें दाखवावयाचें, कुत्र्यांच्या गाड्या हांकून दाखवावयाच्या. त्यांच्या गांवीं हीं कामें पोटासाठीं होत. येथें तीं पाहणाऱ्यांसाठीं होऊं लागलीं. उल्रिका मुलींस सांभाळी, त्यांस न्हाऊं घाली, जेवूं घाली, आणि तेंही सर्वांच्या डोळ्यांदेखत. माणसें इतकीं येत कीं कुंपणाची जागा पाहतां पाहतां भरून जाई. चालण्याचा व गाड्यांचा आवाज दिवसभर कानांत घुमत राही, आणि हिमप्रदेशांतील शांततेस सरावलेल्या त्या माणसांस तो सोसवेना. संध्याकाळीं प्रार्थना म्हणावयाची आणि अब्राहामनें व्हायोलिन हातीं घ्यावयाचें, एवढाच काय तो त्यांचा स्वतःचा वेळ. बर्लिनमधील मोरेव्हियन मंडळींच्या उपासनेस जावयास मिळालें तो दिवस त्यास मोठ्या समाधानाचा वाटला.

एके दिवशीं गर्दी आवरेना. लोक कुंपणाच्या आंत घुसले आणि रखवालदारांचा उपाय चालेना. तेव्हां अब्राहामनें एका हातीं चाबूक आणि दुसऱ्या हातीं सील मारण्याचा भाला घेतला आणि आपल्या भाषेंत गर्जत त्या लोकांस बाहेर हांकून काढलें. कोणी घाईनें कुंपणावरून उड्या टाकल्या. कोणी शांत राहून त्याच्याशीं हस्तांदोलन केलें. त्याच वेळीं उल्रिकेनें घराचें दार आंतून लावून घेतलें, वाट बुजविली, आणि खिडकींतून डोकावणाऱ्यांस ती लांकडाच्या तुकड्यानें मागें सारीत राहिली. आपल्या घरांत परक्यानें न विचारतां पाऊल टाकूं नये, एवढीच त्या गृहिणीची अपेक्षा होती. ती अपेक्षा कोणत्याही देशांतील गृहिणीची असते.

विद्वान लोकही येत. ७ नोव्हेंबर रोजीं जगप्रसिद्ध वैद्य व मानववंशशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यानें या मंडळींचीं मस्तकें व अवयव यांचीं मापें घेतलीं. पाइंगोची पाळी आली तेव्हां ती भयानें इतकी पिसाळली कीं उठून खोलीभर नाचूं लागली. शास्त्रज्ञानें तिच्या या अवस्थेची नोंद आपल्या टिपणांत केली. त्याच दिवसांत तरुण टोबियास यास याकोबसेननें कुत्र्यांच्या चाबकानें मारलें, ही नोंद अब्राहामनें आपल्या वहींत केली. एकाच ठिकाणच्या या दोन नोंदवह्या आज शेजारीं ठेवून वाचाव्या, म्हणजे कोण कोणाचें निरीक्षण करीत होतें याचा नीट उमज पडतो.

बर्लिनहून प्राग, प्रागहून फ्रांकफुर्ट, फ्रांकफुर्टहून डार्मश्टाट असा प्रवास चालू राहिला. १४ डिसेंबर रोजीं डार्मश्टाट येथें पंधरासोळा वर्षांची नोगासाक अचानक मरण पावली. वैद्यांस रोगाचें निदान झालें नाहीं. क्रेफेल्ट शहरीं २७ तारखेस तिची आई पाइंगो गेली. मग चिमुकल्या सारेच्या अंगावर फोड उठले आणि सर्व उघड झालें. त्या देवी होत्या. जर्मनींत देवी काढून घेण्याची सक्ती करणारा कायदा १८७४ सालींच झाला होता. परंतु या आठ जणांच्या देवी काढण्याचें कोणासच सुचलें नव्हतें. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असल्यानें पुढें निघणें भाग पडलें. सारेस दवाखान्यांत ठेवून आईबापांनीं पॅरिसची वाट धरली. ती तेव्हां जिवंत होती. ३१ डिसेंबर रोजीं ती त्यांच्या माघारीं गेली.

पॅरिसला १ जानेवारी १८८१ रोजीं उरलेल्या पांच जणांच्या देवी काढल्या, पण वेळ निघून गेली होती. तेथील प्राण्यांच्या उद्यानांत कांहीं दिवस त्यांचें प्रदर्शन झालें. ८ जानेवारीस अब्राहामनें एका परिचित मिशनऱ्यास पत्र लिहिलें. त्यांत त्यानें कळविलें कीं, त्यास आतां कसल्याही ऐहिक लाभाची ओढ उरली नव्हती. पलीकडच्या तीरावरील नातलगांस पुन्हां पाहावें एवढीच इच्छा होती. १३ जानेवारी रोजीं तो दवाखान्यांत मरण पावला. मारिया, टोबियास, तेर्रियानियाक हेही त्या चार दिवसांच्या मागेंपुढें गेले. उल्रिका सर्वांच्या शेवटीं, १६ जानेवारी रोजीं गेली. नवरा आणि दोन्ही मुली यांच्यामागून परक्या शहरांत तीन दिवस ती एकटी उरली होती. आठांपैकीं एकही माणूस घरीं परतला नाहीं.

या मृत्यूंस आपणच कारण झालों नाहीं ना, असा प्रश्न याकोबसेननें आपल्या दैनंदिनींत स्वतःस विचारला. हागेनबेक यासही धक्का बसला आणि हीं प्रदर्शनें बंद करण्याचा त्यानें निश्चय केला. पण तो निश्चय वर्षभरही टिकला नाहीं. १८८१ सालींच दक्षिण अमेरिकेच्या टोंकावरील लोकांचा जथा युरोपांत फिरूं लागला, आणि त्यांतीलही कित्येक जण दगावले. मानवी प्रदर्शनांची ही चाल विसाव्या शतकांतही चालू राहिली. १९५८ सालीं ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनांतही कांगोच्या लोकांचें खेडें कुंपणांत मांडलें होतें.

अब्राहामची वही हेब्रॉनला परत गेली. तेथें एका मिशनऱ्यानें तिचें जर्मन भाषांतर केलें. मूळ वही पुढें हरवली. भाषांतर मात्र पंथाच्या दप्तरांत पडून राहिलें आणि १९८० सालीं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, जेम्स गार्थ टेलर या कॅनेडियन मानववंशशास्त्रज्ञाच्या हातीं लागलें. त्यानंतर फ्रान्स रिव्हे या संशोधिकेनें कागदपत्रांचा माग काढला. पॅरिसला मरण पावलेल्या पांचही जणांचे सांगाडे पॅरिसच्याच राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयांत जपून ठेवलेले असल्याचें २०१४ सालीं तिनें जगास कळविलें. म्हणजे मृत्यूनंतरही त्या दांपत्याचें संग्रहालय सुटलें नव्हतें. हे अवशेष मायभूमीस न्यावे यासाठीं लाब्राडोरच्या इनुइट समाजानें त्यानंतर हालचाल सुरू केली.

आतां कार्ल हागेनबेकचा न्याय कसा करावा? १९१३ सालीं तो वारला तेव्हां प्राण्यांचा मित्र म्हणून त्याची ख्याति होती, आणि ती अगदींच खोटी नव्हती. जनावर मारून मुटकून नव्हे, तर सौम्य उपायांनीं शिकवावें, हें त्यानें दाखवून दिलें. गजांआड कोंडलेल्या सिंहास मोकळें आकाश मिळावें असें त्यास वाटलें आणि त्यानें तें मिळवून दिलें. या आठ माणसांस त्यानें जबरदस्तीनें पळवूनही आणलें नाहीं. करार केले, वेतन दिलें. त्यास क्रूर ठरविलें तर प्रश्न फार सोपा होतो, आणि दोष एका माणसाच्या माथीं मारून बाकीचे मोकळे होतात. त्या कुंपणाबाहेर उभे असलेले लोकही कांहीं दुष्ट नव्हते. सुशिक्षित आईबाप मुलांस ज्ञान व्हावें म्हणून तेथें आणीत. फिर्खो तर आपल्या काळचा अग्रगण्य विद्वान व उदार विचारांचा पुढारी होता. तरीही आंतला मनुष्य व्हायोलिन वाजवितो, वही लिहितो, कर्ज फेडण्यासाठीं घर सोडून येतो, आपल्या मुलीसाठीं रडतो, हें सर्व समोर घडत असून त्यांस दिसलें नाहीं. कुंपणाचा हाच गुण आहे. आंत कोण आहे हें ठरविण्याचें काम तें पाहणाऱ्याच्या वतीनें आधींच करून टाकतें. मग पाहणाऱ्यास डोळे असून पाहण्याची गरज उरत नाहीं.

आणि खंदकाविषयीं? खंदक दिसत नाहीं, म्हणून तो नसतो असें नव्हे. गज दिसत होते तोंवर पाहणाऱ्यास निदान कळत होतें कीं, समोरचा प्राणी आपल्या मर्जीनें तेथें नाहीं. खंदकानें प्राण्यास सुख दिलें हें खरें, तसेंच पाहणाऱ्याच्या मनाची टोंचणी कमी केली हेंही खरें. आजचीं चांगलीं प्राणिसंग्रहालयें नामशेष होऊं लागलेल्या जातींची वीण सांभाळतात, शास्त्राची सेवा करतात. तीं बंद करावीं असा निष्कर्ष या हकीकतींतून निघत नाहीं. परंतु हें पाहणें कोणाच्या खर्चानें चाललें आहे, हा प्रश्न प्रत्येक पिढीनें नव्यानें विचारावयाचा असतो. कारण मागील पिढीनें तो विचारला असता तर आठ माणसें घरीं परतलीं असतीं.

स्टेलिंगनच्या उद्यानांत संध्याकाळ होते. दूरदेशाहून आलेलें दांपत्य आगगाडीची वेळ पाहून निघतें. त्यांच्या हातीं परतीचें तिकीट असतें, मुलांसाठीं घेतलेलीं चित्रें असतात, घरीं सांगण्यासारखें पुष्कळ असतें. १८८० सालीं हांबुर्गच्या बंदरांत उतरलेल्या दांपत्याजवळही घरीं सांगण्यासारखें पुष्कळ होतें, आणि अब्राहामनें तें रोज रात्रीं लिहून ठेवलें होतें. जुन्या महाद्वारावरील त्या दोन मूर्तींखालीं क्षणभर थांबावें, आणि बायकोनें विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर नवऱ्यानें द्यावें, इतकें तरी आजच्या प्रवाशाकडून होण्यासारखें आहे.